‘मुंबई विद्यापीठ’ म्हणजे नेमके कोणते कॉलेज?

बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळ्यांमधून आणि हितचिंतकांकडून प्रेमाने विचारणा होते, “आपली मुले यंदा मुंबई विद्यापीठात गेली का?” उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असेच असते. पण ‘हो’ म्हटल्यावर विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फोर्टमधला राजाबाई टॉवर उभा राहतो, आणि मूल मात्र मोखाड्याच्या एखाद्या वर्गात बसलेले असते. दोन्ही खरे आहे. हे कसे, आणि आपण देत असलेल्या मदतीच्या दृष्टीने त्यात काय फरक पडतो, ते सविस्तर सांगावे म्हणून हा लेख.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास येथेही विद्यापीठे निघाली. तिन्हींचा नमुना लंडन विद्यापीठाचा. त्या नमुन्यात विद्यापीठाने शिकवायचे नाही; शिकवायचे महाविद्यालयांनी. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. पुढे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग निघाले, कालिन्याला मोठे संकुल झाले, तरी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या मुलांचा फार मोठा भाग आजही संलग्न महाविद्यालयांतच शिकतो. म्हणून ‘मुंबई विद्यापीठ’ हे एखाद्या इमारतीपेक्षा एखाद्या कुटुंबाच्या आडनावासारखे समजावे. घरे वेगवेगळी, आडनाव एक.

आणि काही घरे आडनावापेक्षा जुनी आहेत! ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ चे. स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेतून विल्सन कॉलेज वाढले. गिरगाव चौपाटीसमोरची त्याची आजची इमारत १८८९ ची. हेच डॉ. विल्सन पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्याविषयी एक गोष्ट आपल्या कामाच्या संदर्भात मला नेहमी आठवते. मुंबई इलाख्यातील आदिवासी जमातींविषयी त्यांनी लिहायला घेतले होते. ते लेखन अपुरेच राहिले आणि त्यांच्या निधनानंतर १८७६ मध्ये तसेच प्रसिद्ध झाले. ज्या माणसाने शहरात कॉलेज उभे केले, त्याचे लक्ष डोंगरातल्या लोकांकडेही होते. मात्र त्या लोकांची मुले त्या कॉलेजाच्या पायऱ्या चढायला पुढे किती पिढ्या जाव्या लागल्या, हा विचार मनाला लागतो.

जेझुइट फादरांचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चे. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे सिडनहॅम १९१३ चे. एल्फिन्स्टनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले, सिडनहॅममध्ये त्यांनी काही काळ शिकवले, आणि १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. जी मुले दिवसा नोकरी करतात, ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेज पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी दार उघडे असावे हा त्यामागचा विचार होता. महाविद्यालय कोणी काढले आणि कोणासाठी काढले, हे त्याच्या वर्गात कोण बसते यावर पुष्कळ काळ परिणाम करत राहते, असे माझे मत आहे.

जुन्या विद्यार्थ्यांत आणखी एक नाव आपल्या वाचकांना माहीत असायला हवे. कॉर्नेलिया सोराबजी या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. तेव्हा पुणेही मुंबई विद्यापीठातच होते. रेव्हरंड सोराबजी खरसेदजी यांची ही मुलगी या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती तिला गुणांच्या बळावर मिळायला हवी होती, पण ती फक्त पुरुषांसाठी आहे असे सांगून नाकारली गेली. तेव्हा इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि ती ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकली. वर्गणीतून कॉलेजशिक्षण ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही.

एके काळी सिंधपासून कर्नाटकापर्यंतची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाकडे होती. पुण्याचे विद्यापीठ १९४९ मध्ये वेगळे झाले, गुजरात आणि कर्नाटकातही त्याच सुमारास स्वतंत्र विद्यापीठे निघाली, गोव्याचे १९८५ मध्ये. आज उरले आहेत सात जिल्हे : मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. एवढ्या पट्ट्यात आठशेहून अधिक संलग्न महाविद्यालये आहेत. म्हणजे नाव मुंबईचे असले तरी हे सगळ्या कोकणाचे विद्यापीठ आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांतील मुले बारावी झाली की त्यांच्यापुढे जे विद्यापीठ येते, ते हेच.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या लोकसंख्येत तिसऱ्या हिश्शाहून अधिक आदिवासी आहेत. तिथली महाविद्यालये पाहा : जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे, मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे, पालघरला सोनोपंत दांडेकर, बोर्डीला विज्ञानाचे एन. बी. मेहता, वसईला सेंट गोन्सालो गार्सिया. तलासरीच्या महाविद्यालयाला कॉ. गोदावरी परुळेकरांचे नाव आहे. वारल्यांचा १९४५ चा लढा ज्यांनी उभा केला, त्यांच्या नावाच्या कॉलेजात आता त्या वारल्यांची नातवंडे पदवी घेतात. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूरला सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे.

मोखाड्यात बी.ए. केले काय आणि चर्चगेटजवळ बी.ए. केले काय, पदवीच्या कागदावर विद्यापीठ एकच. मग काही हितचिंतक विचारतात की मुलांना मुंबईला पाठवायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि आमचेही उत्तर दर मुलामागे वेगळे असते. कला शाखा घेणाऱ्या मुलीला घराजवळच्या कॉलेजात मराठीतून उत्तरे लिहिता येतात, ती रात्री घरी असते, खर्च थोडा. तिला उगाच शहरात आणून ठेवणे म्हणजे वसतिगृहाचे पैसे एका जागी आणि तिचे मन दुसऱ्या जागी. पण विज्ञानाचे सगळे विषय प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाहीत. एखाद्याला सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र किंवा कायदा शिकायचा असेल तर बाहेर पडावेच लागते. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून आहे, तरी चर्चगेट गाठायला तिथून अडीच-तीन तास जातात. जव्हार-मोखाड्याला तर रेल्वेच नाही. एसटीने आधी खाली उतरायचे आणि मग गाडी धरायची. रोज ये-जा करण्याचा सल्ला देणाऱ्यांनी तो प्रवास एकदा करून पाहावा.

आता कॉलेजांच्या प्रकाराविषयी, कारण पैशाचा प्रश्न इथेच येतो. काही महाविद्यालये सरकारी आहेत. बरीच खासगी संस्थांची असून अनुदानित आहेत, म्हणजे मंजूर शिक्षकांचे पगार सरकार देते आणि फी कमी असते. काही पूर्ण विनाअनुदानित आहेत. घोटाळा असा की एकाच इमारतीत दोन्ही प्रकार नांदतात. त्याच कॉलेजात साधे बी.कॉम. अनुदानित असते आणि व्यवस्थापन, लेखा व वित्त किंवा माहिती तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम विनाअनुदानित. त्याची फी कित्येक पटींनी जास्त. ‘अमुक कॉलेजात प्रवेश मिळाला’ एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या तुकडीत, हे विचारावे लागते.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे, तो स्वायत्त महाविद्यालयांचा. सेंट झेवियर्सला २०१० मध्ये स्वायत्तता मिळाली. त्यानंतर इतर अनेकांनी ती घेतली. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठच देते. आणि काही जुनी कॉलेजे तर घरातून वेगळीच झाली आहेत. एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही सरकारी महाविद्यालये २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत. के. सी. आणि एच. आर. कॉलेज २०२० पासून एचएसएनसी विद्यापीठात. ग्रँट मेडिकल कॉलेज भायखळ्यालाच आहे, पण त्याची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापलेले एसएनडीटी महिला विद्यापीठ मुंबईतच असूनही पहिल्यापासून स्वतंत्र. शहर एक, विद्यापीठे अनेक. प्रवेशासाठी मुलाने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली म्हणजे काम संपले असे होत नाही. हव्या त्या प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा, गुणवत्ता यादी वेगळी, आणि स्वायत्त कॉलेजांचे वेळापत्रकही पुष्कळदा वेगळे. गावात नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही, तिथल्या मुलाची पहिली यादी यामुळेच चुकते.

मोठ्या विद्यापीठाला एक दुखणे असते. ते आठशे कॉलेजांना एकदम होते. २०१७ मध्ये पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि अखेर राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. शहरातल्या मुलाला तो उशीर म्हणजे डोकेदुखी. आदिवासी मुलाला त्याचा अर्थ वेगळा : वसतिगृहाची मुदत संपलेली, हातात गुणपत्रिका नाही, नोकरीच्या अर्जाची तारीख निघून गेलेली, आणि घरी परत गेले की भातलावणी. एकदा घरी गेलेले मूल परत येईलच असे नसते.

आता ख्रिस्ती महाविद्यालयांविषयी थोडे मोकळेपणाने बोलतो, कारण हे वाचणारे बहुतेक मंडळीतले आहेत. पुष्कळांची समजूत असते की आपल्या संस्थांच्या कॉलेजात आदिवासी मुलाला राखीव जागा हमखास मिळेल. कायदा तसा नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव असतात, पण राज्यघटनेच्या कलम १५(५) मध्ये अल्पसंख्याक संस्थांना या सक्तीतून वगळले आहे. ख्रिस्ती कॉलेजात अल्पसंख्याक कोटा असतो तो ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी. आदिवासी मुलांसाठी जागा ठेवायच्या की नाही हे संस्थेच्या मनावर. काही ठेवतात, काही ठेवत नाहीत. ज्यांच्या पूर्वसूरींनी डोंगरातल्या लोकांविषयी एवढी कळकळ दाखवली, त्यांनी त्या जागा कायद्याने सांगितल्याशिवायही ठेवाव्यात असे मला वाटते. आपल्यापैकी जे अशा संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत किंवा त्यांचे माजी विद्यार्थी आहेत, त्यांनी हा प्रश्न बैठकीत विचारायला काहीच हरकत नाही.

याच्याच उलट बाजूची एक भीती मंडळ्यांत नेहमी भेटते. ‘मुलगा ख्रिस्ती आहे असे कागदावर आले तर त्याची सवलत जाईल.’ अनुसूचित जातींच्या बाबतीत धर्माची अट आहे, हे खरे. अनुसूचित जमातींच्या यादीला मात्र अशी अट घातलेली नाही. वारली कुटुंब उपासनेला जात असले तरी ते वारलीच राहते. त्यामुळे अशा मुलाने कुठेही धर्म लपवू नये, आणि पाळकांनीही तसे सुचवू नये. खोटा कागद एकदा पुढे केला की पुढचे सगळे खरे कागदही संशयात सापडतात.

कागदांचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगतो, कारण आमचा सर्वात जास्त वेळ यातच जातो. जातीचा दाखला एक आणि जात वैधता प्रमाणपत्र दुसरे. साध्या बी.ए.ला बहुधा दाखल्यावर भागते. पण अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर वैधता लागतेच, आणि पुढे सरकारी नोकरीलाही लागते. तपासणी समिती वडिलांचे, आजोबांचे जुने पुरावे पाहते. शाळेच्या रजिस्टरमधली जातीची नोंद हा त्यातला भक्कम पुरावा. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद सापडली तर फारच चांगले. पण ज्या कातकरी घरात आजोबा आणि वडील दोघेही शाळेत गेले नाहीत, त्यांनी शाळेची नोंद कुठून आणायची? कातकरी हे केंद्र सरकारच्या यादीप्रमाणे विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात. ज्याला सर्वात जास्त गरज, त्याच्याच घरात कागद सर्वात कमी. अशा वेळी महसुली नोंदी, गाव नमुन्याची जुनी पाने, एखाद्या चुलत्याला पूर्वी मिळालेली वैधता शोधावी लागते. हा शोध अकरावीतच सुरू करावा लागतो. बारावीच्या निकालानंतर सुरू केला तर ते वर्ष गेलेच म्हणून समजा.

उत्पन्नाच्या दाखल्याची अडचण आणखी निराळी. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा चालू वर्षाचा दाखला लागतो, म्हणजे अर्ज एप्रिल-मेमध्ये केलेला बरा. आणि नेमके तेव्हा आईवडील वीटभट्टीवर असतात. दिवाळीनंतर घर सोडलेले कुटुंब पावसाच्या तोंडाशी परतते. सही-अंगठा कोणाचा घ्यायचा? आमचे कार्यकर्ते मोटारसायकलवरून भट्ट्या शोधत फिरतात, ते यासाठीच. वार्षिक हिशेबात ‘प्रवास व पेट्रोल’ ही रक्कम एवढी कशी, असे एका वाचकाने मागे विचारले होते. ती अशी.

सरकारी मदत आहे, आणि ती कमी नाही. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर आदिवासी विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते; अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. जव्हार, डहाणू, शहापूर आणि पेण येथील प्रकल्प कार्यालये आपल्या भागाचे काम पाहतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेतून जेवण, राहणे आणि निर्वाह यांसाठी पैसे खात्यात येतात. मुंबईसारख्या मोठ्या शहरात ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरली, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. कोणी म्हणेल, मग आपली मदत कशाला? पैसे हप्त्यांनी येतात, आणि मेसवाला मात्र महिन्याच्या महिन्याला मागतो. घरमालक अनामत आधी घेतो. पुष्कळ ठिकाणी कॉलेजही ‘आता भरा, शिष्यवृत्ती आल्यावर परत नेऊ’ म्हणते. जुलैपासून पहिला हप्ता येईपर्यंतचे चार-सहा महिने, हेच मुले सोडून जाण्याचे महिने. आपल्या वर्गणीतला कॉलेजनिधी आम्ही मुख्यतः या खिंडीत वापरतो, आणि हप्ता आला की मुलाकडून जमेल तेवढे परत घेऊन दुसऱ्याला देतो. मुलांनाही हे आवडते. दान घेतल्यासारखे वाटत नाही.

जी मुले कामाला लागलेली आहेत त्यांच्यासाठी विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण केंद्र आहे. घरी राहून बी.ए., बी.कॉम. करता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही तेच काम करते. आमच्या अंगणवाडी सेविकांपैकी दोघी अशाच पदवीधर झाल्या.

नवीन शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले आहे. एक वर्ष करून बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेली श्रेयांके खात्यात जमा राहतात आणि पुन्हा येऊन पुढे शिकता येते. भट्टीच्या हंगामात मूल गळाले तर आजवर त्याचे सगळेच वाया जायचे. आता निदान काही हाती राहील. पण बाहेर पडण्याचा दरवाजा रुंद झाला की गरीब मूलच आधी बाहेर पडते, अशी धास्तीही आहे. पहिली मुले चार वर्षे पुरी करतील तेव्हा कळेल.

ज्या मंडळ्या विरार ते दादर आणि ठाणे ते कल्याण या पट्ट्यात आहेत, त्यांना दोन गोष्टी पैशाशिवायही करता येतील. पहिली, जून-जुलैत अर्ज भरायला येणाऱ्या मुलांना चार-पाच रात्री राहण्याची सोय. एक खोली आणि पंखा पुरे, सोबत कॉलेज दाखवायला एखादा तरुण मिळाला तर उत्तम. दुसरी, निवृत्त शिक्षकांनी शनिवारी दोन तास इंग्रजी शिकवणे. आश्रमशाळेतून मराठीत शिकलेली मुले विज्ञानाला गेली की पहिल्या सत्रातच अडखळतात, आणि ती परीक्षा दिवाळीच्या आगेमागे असते. म्हणून हे वर्ग ऑगस्टमध्येच सुरू व्हायला हवेत. ज्यांना जमेल त्यांनी आपले नाव पाळकांकडे १५ मेपर्यंत द्यावे.